मोटारीचे दात

मोटारीला चेहरा असतो ही गोष्ट मोटार बनविणाऱ्यांना माहीत असो वा नसो, लहान मुलांना ती पक्की माहीत असते. दोन दिवे म्हणजे डोळे, खालचा बंपर म्हणजे हनुवटी आणि या दोहोंच्या मध्ये जी चकचकीत जाळी असते ते दात. माझ्या बालपणी असे दोनच चेहरे ओळखीचे होते. एक फियाटचा. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी हे नाव लावू लागली. तिचा तोंडवळा चाळीतल्या नीटनेटक्या सुनेसारखा होता: आटोपशीर, कामसू आणि जरा भित्रा. दुसरा चेहरा अँबॅसेडरचा. विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्डचा साचा घेऊन १९५७ साली बंगालमधल्या उत्तरपाड्याला तिने अवतार घेतला, आणि पंक्तीत चार जिलब्या अधिक खाऊन ओसरीवर टेकलेल्या काकांचे समाधान तिच्या तोंडावर कायमचे राहिले. १९८३ साली मारुती आली खरी, परंतु माझ्या आजोळच्या रस्त्यावर पोहोचायला तिला बराच काळ लागला.

आता ही दातांची जाळी हवीच कशाला, असे कोणी विचारील. अगदी पहिल्या मोटारींना ती नव्हतीच. पाणी थंड करणारा रेडिएटर उघडाच समोर असे, आणि तोच गाडीचा चेहरा. १९३०च्या दशकात कारागिरांनी त्याला आत लपविले आणि पुढे जाळी बसविली, म्हणजे वारा आत जावा, दगडगोटा बाहेर राहावा आणि गाडी चारचौघांत उभी करण्याजोगी दिसावी. यांतले तिसरे कारणच अधिक खरे असावे. नांदेडच्या एका मेकॅनिकने मामांना स्वच्छ सांगितले, "काका, जाळी नसली तर गाडीचं काही अडत नाही. उलट वारा चांगला लागतो." त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. त्यावर मामींनी एकच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "मग दसऱ्याला झेंडूचा हार कुठं बांधायचा?"

मेकॅनिकपाशी याचे उत्तर नव्हते.

माझे आजोळ चुडावा. परभणी जिल्ह्यातला पूर्णा तालुका. पूर्णा जंक्शन सोडून आगगाडी नांदेडकडे निघाली की हे लहानसे स्टेशन लागते. मी लहान होतो तेव्हा तिथे मीटरगेजचा रूळ होता. गाडीतून उतरून ट्रंक फलाटावर ठेवली की स्टेशनाबाहेर मामांची पांढरी अँबॅसेडर दिसे. मार्क टू, १९६९ची. बारीक चौकड्यांची जाळी हे या मार्क टूचे खास लक्षण. कोण्या साहेबाची ही गाडी मामांनी १९७६ साली सरकारी लिलावात घेतली. "साहेबाची बदली झाली आणि त्याचा संसार माझ्या गळ्यात पडला," असे ते सांगत.

गाडी मामांची असली तरी तिच्यावर हक्क साऱ्या गावाचा होता. रात्री दोन वाजता दारावर थाप पडली की मामा कोण, काय, असले काही विचारीत नसत. धोतर सावरून ते किल्ली शोधू लागत आणि मामी पाण्याची कळशी घेऊन रेडिएटरकडे जात. पान लागलेला गडी, अडलेली बाळंतीण, विहिरीत पडलेले पोर, सारी याच मागच्या सीटवरून पूर्ण्याला नाही तर नांदेडला गेली. परत आली ती बहुतेक जिवंत आली. सगळी नव्हे. मामा त्या खेपांविषयी बोलत नाहीत. शिवाय गावातल्या मुलींची पाठवणी याच गाडीतून होई, आणि नवरीच्या हळदीचे पिवळे हात मागच्या दाराला लागलेले असत. मामी ते लगेच पुसू देत नसत. २०१४ साली १०८ची रुग्णवाहिका सुरू झाली तेव्हापासून रात्रीच्या थापा थांबल्या. पाठवण्या मात्र चालू राहिल्या.

तीन वर्षांपूर्वी संध्याकाळी उसाच्या फडातून एक रोही उडी मारून रस्त्यावर आला. रोही वाचला, गाडीही वाचली, पण उजव्या बाजूची जाळी चोळामोळा होऊन आत गेली आणि डावीच्या पट्ट्या टोकांशी उचकटल्या. नेमक्या त्याच महिन्यात मामांनी चौऱ्याऐंशीव्या वर्षी कवळी बसवून घेतली होती. "माझे दात आले अन् हिचे गेले," असे म्हणून ते हसले. परंतु त्यानंतर गाडी त्यांनी गोठ्याच्या पडवीत तोंड भिंतीकडे करून उभी केली. पूर्वी ती तोंड रस्त्याकडे करून उभी असे.

शोधाशोध मी केली. मुंबईच्या चोर बाजारापासून कुर्ल्याच्या भंगारवाल्यांपर्यंत सारे विद्यार्थी, मित्र आणि मित्रांचे मेहुणे कामाला लावले. मार्क फोरची जाळी मिळत होती, ती बसत नव्हती. फायबरची नक्कल मिळत होती, ती हातात घेतल्यावर खेळण्यासारखी वाटत होती. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ सालीच थांबलेला. २०१७ साली अँबॅसेडर हे नुसते नाव एका फ्रेंच कंपनीने ऐंशी कोटी रुपयांना विकत घेतले, असे वर्तमानपत्रात आले होते. नावाला ऐंशी कोटी मिळतात आणि पैसे रोख मोजूनही जाळी मिळत नाही, याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न मी भाषेचा अध्यापक या नात्याने बराच केला.

मामेभाऊ पुण्याला असतो. त्याचे म्हणणे निराळे होते. गाडी आता पन्नास वर्षांच्या वरची. २०२१ साली केंद्र सरकारने अशा जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले आहेत. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी होते आणि नंबराच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. तशी नोंदणी करावी आणि त्याच्या ओळखीच्या एका हौशी माणसाच्या संग्रहात गाडी द्यावी. तिथे तिच्यावर छप्पर राहील, पुसणारा नोकर राहील. मुलगा बापाचे वाईट चिंतीत नव्हता. मामांच्या डोळ्यांना आता रात्रीचे दिसत नाही, हे तो जाणून होता. घेणाऱ्याची अट एवढीच होती की समोरची जाळी धड असावी.

मामांनी नियम मला वाचायला लावले. अशी गाडी प्रदर्शनाला नेता येते, रॅलीत चालविता येते, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर काढता येत नाही. मामा ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे पेन्शन देऊन घरात बसवायची. वरातीला चालेल का?" मी म्हटले, नियमात वरातीचा उल्लेख नाही. "बाळंतिणीचा?" तोही नाही. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "आधी दात तर बसवू. कुठं जायचं ते मागून बघू."

अशा रीतीने काम गावातल्या मिस्त्रीकडे आले. हा गृहस्थ चाळिशीच्या आसपासचा. घिसाड्याच्या घरातला. त्याचा आजा गाड्यावर भाता टाकून गावोगाव हिंडे आणि वेशीबाहेर पाल ठोकून विळे, खुरपी, कुऱ्हाडी करून देई. नातवाने चुडाव्यात पत्र्याचे दुकान टाकले आहे. उसाच्या ट्रॉलीचे हूक, कुळवाच्या फासा आणि खिडक्यांच्या ग्रिली ही त्याची मुख्य कामे. त्याने गाडीसमोर उकिडवे बसून तिच्या तोंडात बोट घालून पाहिले, अगदी मामांच्या दातांच्या डॉक्टरासारखे, आणि मला म्हणाला, "सर, ग्रील म्हणलं की आपला भाव फुटावर आहे. डिझाईन कोणतं टाकायचं? मोर का सूर्य?"

मामांनी त्याला सांगितले की होते तसे करायचे, स्वतःचे काही घालायचे नाही. त्याला ते फारसे रुचले नाही. मधोमध एखादा लहानसा ॐ असता तर शोभा आली असती, असे तो दोन-तीनदा म्हणाला. तेव्हा मी त्याला एकनाथांची गोष्ट सांगितली. ज्ञानेश्वरीच्या नकला करता करता लोकांनी तिच्यात पदरचे बरेच घुसडले होते. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये ती सारी प्रत तपासून शुद्ध केली आणि पुढच्यांना बजावले की यात आपली ओवी घालू नका. ते स्वतः कवी होते, घालायला त्यांना ओव्या कमी नव्हत्या. मिस्त्रीने हे लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "मग एकनाथांनी आपलं नाव कुठं टाकलं?"

"शेवटी. सालासकट," मी म्हटले.

"हौ. मग ठीक आहे," तो म्हणाला आणि कामाला लागला.

मी दसऱ्यापर्यंत शनिवार-रविवार जाऊन बसत असे आणि पट्ट्या धरण्याचे काम करीत असे. पट्ट्या धरणे या कामाला एम.ए. लागत नाही, त्यामुळे पाहायला भरपूर सवड मिळाली. ती जाळी म्हणजे उभ्या आणि आडव्या पट्ट्या एकमेकींत अडकविलेल्या. प्रत्येक पट्टीला अर्ध्या रुंदीपर्यंत खाच. आडवीची खाच मागून, उभीची पुढून. दोघी एकमेकींत उतरल्या की एका पातळीत येतात. ऐकायला सोपे. परंतु ही जाळी सपाट नाही, पोट पुढे काढलेली आहे. पट्टी आडवी धरून तिला तसा बाक द्यावा म्हटले तर तो पत्रा काठाच्या बाजूने वाकत नाही, सुरकुततो. म्हणून प्रत्येक आडवी पट्टी मुळातच बाकदार कापावी लागते. मिस्त्रीने लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे जमविले. शाबूत राहिलेल्या डाव्या बाजूवर ते धरून पेन्सिलने रेघ मारली, आणि तोच पुठ्ठा उलटा करून उजव्या बाजूसाठी धरला. तो जुळेना! डाव्या-उजव्यात पाच मिलिमीटरचा फरक. गाडीची चौकट मोडली असावी असे मला वाटले. मिस्त्री म्हणाला, "सर, तुमचे तरी दोन्ही कान सारखे आहेत का?" पन्नास वर्षांच्या खड्ड्यांनी गाडीचा चेहरा जरा एका अंगाला कलला होता. त्याने उजव्या बाजूचे वेगळे पुठ्ठे कापले.

खाचा शेकड्यांनी पाडायच्या होत्या. मी मनाशी हिशेब करीत होतो की एकीपासून दुसरी मोजीत गेले तर दर खाचेला केसभर चूक धरली तरी शेवटच्या खाचेपाशी बोटभर होईल. त्याने तसे मोजलेच नाही. सगळी मापे एकाच टोकापासून घेतली. मग सारख्या आकाराच्या पट्ट्या पत्त्यांच्या जोडासारख्या एकावर एक रचल्या, शिकंज्यात आवळल्या आणि हॅक्सॉने एकदमच खाच पाडली. चूक झाली तर सगळ्यांत सारखी होईल, म्हणजे दिसणार नाही! पत्रा वीस गेजचा, जेमतेम मिलिमीटरभर जाड, आणि हॅक्सॉच्या पात्याची वाटही जवळपास तेवढीच. खाच सैल झाली तर जाळी रस्त्यावर खुळखुळणार, घट्ट झाली तर पट्टी मुडपणार. आणखी एक गंमत पुठ्ठ्यांच्या तालमीतच कळली. पट्टी बाकदार असली तरी खाचा बाकाला काटकोनात पाडून चालत नाही. साऱ्या सरळ समोर पाहणाऱ्या हव्यात, नाही तर शेवटची पट्टी आत उतरतच नाही.

सांध्यांचा प्रश्न आला तेव्हा त्याने विजेचे वेल्डिंग बाजूला ठेवले. एवढ्या पातळ पत्र्याला ते भोके पाडील, म्हणाला. टाकणखार लावून पितळेने झाळायचे ठरले. पितळ नऊशे अंशांच्या आसपास वितळते आणि लोखंड तेव्हा नुसते लाल होते. नमुन्यासाठी त्याने चार उभ्या, चार आडव्या पट्ट्यांचा लहानसा तुकडा केला. सांधे एका ओळीने न झाळता, गोधडीला जसे आधी कोपरे टाचतात तसे इकडे एक, तिकडे एक असे झाळले, म्हणजे पत्रा एका बाजूला ओढला जात नाही. तुकडा सुरेख झाला. तो मी छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला मुलामा देणाऱ्या एका कारखान्यात घेऊन गेलो.

आपण ज्याला क्रोम क्रोम म्हणतो त्याचा खरा जीव त्याच्या खाली असतो, हे मला तिथे समजले. आधी तांब्याचा थर, त्यावर निकेलचा, आणि सर्वांत वर क्रोमियमची अगदी पुसट साय. तिची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकीही नसते. झळाळी येते ती निकेलची; क्रोमियम तिला काळवंडू देत नाही आणि किंचित निळसर छटा देते, एवढेच. १९२०च्या दशकाच्या अखेरीला ते मोटारींवर आले, त्याआधी निकेलचाच मुलामा असे आणि ड्रायव्हर तो घाशीत बसे. त्या हौदातले पाणी मोठे विषारी असते, म्हणून हे कारखाने थोडे आणि त्यांच्यावर निर्बंध फार.

तुकडा परत आला तो बाहेरून आरशासारखा आणि आतल्या कोपऱ्यांत काळा. कारखान्यातल्या माणसाने कारण सांगितले. विजेचा प्रवाह कडांवर आणि टोकांवर गर्दी करतो. खोल कोपऱ्यात तो पोहोचत नाही, आणि क्रोमियम तर याबाबतीत फारच आळशी. चौकड्यांची जाळी म्हणजे नुसते कोपरेच. उपाय एकच: पट्ट्या सुट्या असताना मुलामा द्यायचा आणि मग जोडायच्या. परंतु जोडायच्या म्हणजे झाळायच्या, आणि झाळताना मुलामा जळणार. इकडे आड, तिकडे विहीर!

मिस्त्रीने मधला मार्ग सुचविला की स्टेनलेसच्या पट्ट्या टाकू, मुलाम्याची भानगडच नको. मामांनी एक पट्टी हातात घेतली आणि म्हणाले, "जिन्याचा कठडा दिसेल." ते खोटे नव्हते.

त्यानंतर पंधरा दिवस काम बंद होते. दसरा जवळ येत होता. एका रविवारी मी गेलो तेव्हा मिस्त्री मामींच्या माळ्यावरचा जुना कंदील खोलून बसला होता. कंदिलाच्या पत्र्याला झाळ फार थोडी असते. पत्र्याचीच लहान जीभ काढून ती फटीतून पलीकडे घालतात आणि मुडपतात. त्याने प्रत्येक पट्टीच्या टोकाला तशी जीभ ठेवली, जुन्या चौकटीला मागून फटी पाडल्या. पट्ट्या आणि चौकट सुटी मुलाम्याला गेली. परत आल्यावर जाळी एका सकाळी आमच्या डोळ्यांदेखत विणली गेली, खाटेवर नवार विणावी तशी, अग्नीचे नाव न घेता. जिभा मुडपताना त्याने लाकडी हातोडीला कापड गुंडाळले होते.

मजुरीवरून मामांची आणि त्याची चांगली अर्धा तास घासाघीस झाली. मला मौज वाटली, कारण दोघेही मनापासून भांडत होते. आत गेल्यावर मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "याचा जन्म त्या मागच्या सीटवरचा आहे. रेल्वेचं फाटक लागलं होतं. मालगाडी संपता संपेना. मीच होते संग." दोन माणसांनी तीन महिने रोज भेटून या गोष्टीचा एकदाही उच्चार केला नव्हता, आणि आताही पाचशे रुपयांवरून त्यांची हमरीतुमरी चालली होती. शेवटी अडीचशेवर तुटली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, जाळी गाडीवर चढली. मामांनी जवळ जाऊन तिच्यावरून डावीकडून उजवीकडे बोटे फिरविली, मग उजवीकडून डावीकडे. "इथं जरा बाहेर आहे," ते म्हणाले. मिस्त्री म्हणाला, "तुमची गाडीच तिथं बाहेर आहे." मामींनी झेंडूचा हार बांधला. मागच्या बाजूला, रेडिएटरच्या अंगाला, पंचाने ठोकलेले तीन ठिपके आणि साल मला दिसले. हीच खूण आजा विळ्यांवर उठवीत असे, असे त्याने सांगितले.

दिवाळीच्या सुट्टीत मामेभाऊ आला. त्याने गाडी पाहिली, चारी बाजूंनी फोटो काढले आणि संध्याकाळी मामांशी बराच वेळ बोलला. मी मध्ये पडलो नाही. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला की आरटीओकडे नेहमीच्याच नोंदणीचे नूतनीकरण करायचे ठरले आहे, व्हीए नको; मात्र रात्री गाडी काढायची नाही, आणि दिवसाही चालवायचे काम मिस्त्रीचा पोरगा करील, ही मामांना घातलेली अट. मामांनी ती मान्य केली होती. घेणाऱ्याला काय सांगायचे, या चिंतेत भाऊ होता.

गाडी आता तोंड रस्त्याकडे करून उभी असते. परवा परत निघताना सामान ठेवायला मी डिकी उघडली, तर स्टेपनीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, मुलामा दिलेल्या पाच पट्ट्या निघाल्या. तीन आडव्या, दोन उभ्या. चुकून राहिल्या असतील म्हणून मी त्या दुकानात नेऊन दिल्या. मिस्त्रीने त्या तशाच परत माझ्या हातात ठेवल्या.

"राहू द्या डिकीत," तो म्हणाला. "रोही काय एकलाच नसतो, सर."